ड्रॅगनचं पान कुणी उलटायचं?

प्रश्न देवगडकडच्या एका आईचा आहे, थोडक्यात असा. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी तीन. मे महिन्यात मुंबईच्या मामानं ड्रॅगनच्या गोष्टींची तीन मोठी चित्रांची पुस्तकं आणली, मजकूर सगळा इंग्रजी. जून-जुलै मुलानं ती उशाशी घेऊन काढले. ऑगस्टपासून मात्र तो रात्री दचकून उठतो, ‘ड्रॅगन इलो’ म्हणून रडतो आणि सकाळी पुन्हा तेच पुस्तक मागतो. सासूबाईंचं म्हणणं, परमुलखातली भुतां घरात कशाक होयी? नवरा ट्रॉलरवर असतो. तो म्हणतो, माळ्यावर टाक. पुस्तकं बंद करावीत का, आणि करायची नसतील तर ती सांगायची कशी?

बंद करू नका. आणि माळ्यावर तर मुळीच टाकू नका. माळ्यावर टाकलेला ड्रॅगन रात्री खाली उतरतो, हे मी स्वतः केलेल्या मूर्खपणावरून सांगते.

मी वेंगुर्ले तालुक्यात नऊ वर्षं बालवाडी चालवली आणि त्यानंतर आजवर गावच्या वाचनालयाचा बालविभाग सांभाळतेय. बालवाडीत असताना माझ्याकडे एक पुस्तक होतं. त्यात मधोमध दोन पानं भरून ड्रॅगन होता, तोंड वासलेला, जीभ पार खालच्या कडेपर्यंत आलेली. एक मुलगी ते पान बघून रडली म्हणून मी ती दोन पानं टाचण्या मारून बंद केली. झालं. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या वर्गाला दुसरं काही सुचेना. टाचणीआडचा ड्रॅगन वाढायला लागला. आधी वर्गाएवढा झाला, मग रवळनाथाच्या देवळाएवढा. एकानं पानाला कान लावून आतून श्वास ऐकू येतो असं जाहीर केलं. रडणारी मुलगी तर कपाटाच्या बाजूनं जायची बंद झाली. पावसाळा संपता संपता मी टाचण्या काढल्या. आमच्या हवेत त्या कधीच्याच गंजल्या होत्या, पानावर तांबूस डाग पडले होते. मुलांनी गोल करून ते पान बघितलं आणि पहिला जो उद्गार आला तो होता, ‘इतकोच?’

कागदावर जेवढा असतो, त्याहून लपवलेला नेहमी मोठा असतो. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीशी येऊन थांबतं: पान मुलाच्या हातात द्या. उलटायचं कधी, थांबायचं कुठे, मागे जायचं की पुस्तक मिटायचं, हे त्यानं ठरवू दे. तुम्ही बोलायचं, पानावर हात त्याचा.

माझं माहेर गुहागरकडचं, त्यामुळे हे मला शिमग्यात फार आधी दिसायला हवं होतं. आमच्याकडे घरोघरी नाचत फिरणाऱ्या खेळ्यांबरोबर संकासुराचं सोंग येतं. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. पोरं त्याला चिडवत मागे लागतात, तो गर्रकन वळला की किंचाळत पळतात, आणि त्यानं पाठ केली की पुन्हा हळूहळू जवळ. कुणी अंगणाच्या टोकाला, कुणी ओटीवर, कुणी आजीच्या लुगड्याआड. किती जवळ जायचं ते ज्याचं त्यानं मोजलेलं असतं. म्हणून रडणारं मूलसुद्धा पुढच्या घरी त्याच्या मागे जातंच. पण एखादा हौशी काका उचलून त्याला संकासुराच्या पुढ्यात नेऊन उभं करतो ना, तेव्हा ते पोर वर्षभर घुंगरांच्या आवाजाला घाबरतं. पुस्तक वाचताना आपण बरेचदा तो काका होतो. आवाज काढतो, पान फटकन उलटतो, ‘हूँऽऽ’ करतो. गंमत आपल्याला येते.

आता बसायचं कसं ते सांगते, कारण बारीक गोष्टींनीच फरक पडतो. मुलाला शेजारी किंवा मांडीवर घ्या. पुस्तक त्याच्या मांडीवर, तुमच्या नाही. मजकूर आधी एकदा तुम्ही एकट्यानं वाचून ठेवा, म्हणजे गोष्ट कुठे जाते ते माहीत असेल. मग मुलासमोर इंग्रजी ओळ आणि तिचा मराठी अर्थ असा खेळ करू नका. त्यात चित्र मरतं. चित्र समोर ठेवून गोष्ट तुमच्या घरच्या बोलीत सांगा. मालवणी बोलत असाल तर ड्रॅगनही मालवणीच बोलू दे.

ही काही नवी पद्धत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, तिथे पिढ्यानपिढ्या असंच चालतं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. सुट्या चित्रांची पोथी असते. रामायण-महाभारतातला प्रसंग असलेलं एक चित्र समोर उभं राहतं, वीणा आणि टाळाच्या साथीनं त्या एका चित्रावर कथा गायली जाते, आणि ते पुरतं सांगून झालं की मगच पुढचं चित्र वर येतं. तिथे बसून मला पहिल्यांदा जाणवलं की आपण पुस्तक किती घाईनं संपवतो. अठरा पानांची गोष्ट आठ मिनिटांत! चित्रकाराला एका पानाला महिना लागला असेल. खवले एकेक काढलेत, गुहेच्या कोपऱ्यात बेडूक बसवलाय, आणि आपण तिथून गाडी हाकल्यासारखे जातो.

एका चित्रावर थांबायचं म्हणजे प्रश्नांची सरबत्ती नाही. ‘हा कोण? याला काय म्हणतात? किती पंख?’ ही परीक्षा झाली. मी फक्त ‘काय दिसतंय?’ विचारते आणि गप्प बसते. मनात दहा आकडे मोजते. सातव्या-आठव्या आकड्याला हमखास काहीतरी येतं, आणि जे येतं ते आपल्या डोक्यात कधीच आलेलं नसतं. साडेचार वर्षांचा एक मुलगा होता, फारसं न बोलणारा. आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या पानाच्या आधी त्यानं पानाचा कोपरा चिमटीत धरला आणि धरूनच ठेवला. थोडा उचलायचा, आत डोकावायचा, पुन्हा खाली. तसं चारपाच वेळा. बाकीची मुलं ओरडायला लागली, मी त्यांना खुणेनं थांबवलं. शेवटी त्यानं पान उलटलं, आगीकडे ढुंकूनही बघितलं नाही, ड्रॅगनच्या पायांशी बोट ठेवलं आणि विचारलं, ‘बाई, ह्येची आवस खंय आसा?’ याची आई कुठे आहे. इंग्रजी मजकुरात आईचा पत्ताच नव्हता. पुढचे दोन आठवडे आमच्या वाचनालयात ड्रॅगनच्या आईचीच गोष्ट चालू होती.

‘ड्रॅगन’ला मराठीत काय म्हणायचं, हेही पालक विचारतात. ड्रॅगनच म्हणा. ‘राक्षस’ म्हणालात की गोष्ट वाचायच्या आधीच निकाल लागतो, त्याला मारायचं ठरूनच जातं. ‘पंखवाला नाग’ हे त्याहून वाईट. आपल्याकडे नागपंचमीला त्याची पूजा होते आणि तिकडे तलवारवाला राजपुत्र त्याला भोसकतोय, मुलाच्या डोक्यात गोंधळ. शिवाय खरा साप आपल्या अंगणात असतो. तो विषय वेगळाच ठेवायला हवा आणि स्पष्ट बोलून ठेवायला हवा: पुस्तकातल्या ड्रॅगनशी मैत्री कर, त्याच्या पाठीवर बस, पण गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, भोकात हात घालायचा नाही, लाकडांच्या राशीत नाही, सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, दगड उलटायचा नाही. फुरसं वीतभरच दिसतं. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं यांचे फोटो मी बालविभागाच्या भिंतीवर लावलेत, ड्रॅगनच्या चित्रांपासून मुद्दाम लांब, दुसऱ्या भिंतीवर.

आता सासूबाईंकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या घरात ड्रॅगनची गोष्ट सगळ्यात चांगली त्याच सांगू शकतील.

युरोपातल्या जुन्या गोष्टींत ड्रॅगन बहुतेक वेळा काय करतो? गुहेत सोन्याच्या ढिगावर बसून राहतो. कुणी हात लावायला आला की आग ओकतो. एकदा हे सांगत होते आणि मागच्या रांगेतून एक मुलगी उठून म्हणाली, ‘म्हंजे तो राखणदार मां?’ सगळे गप्प. मग शेजारचा म्हणाला, ‘तेका नारळ दिल्यानी नाय म्हणान तो रागावलो.’ एका वाक्यात सगळा उलगडा. राखणदार म्हणजे गावाची हद्द राखणारा देव. वेशीवरच्या या राखणदाराला मान दिल्याशिवाय हद्दीत खणायचं नाही, झाड तोडायचं नाही, हे त्या मुलांनी घरात ऐकलेलं. राजपुत्रच चुकला होता, न विचारता घुसला होता! मग गोष्ट पुढे कशी जाईल, याला पोरांनीच वाट काढली. राजपुत्र परत जातो, नारळ घेऊन येतो, देवापुढे घालतात तसं विनवणीचं गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला सगळा वर्ग ‘होय म्हाराजा’ म्हणत होता. ड्रॅगन काही बोलत नाही, फक्त शेपटी जराशी बाजूला घेतो. मला ते फार आवडलं, ते शेपटी बाजूला घेणं.

तेव्हा पुस्तक सासूबाईंच्या हातात द्या. इंग्रजी येत नाही, चष्मा लागतो, काही बिघडत नाही. नातवाला सांगू दे की हा गुहेतला धनाचा राखणदार आहे, आणि मग बघा त्यांच्याकडून काय काय बाहेर येतं. परमुलखातली भुतं हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. त्यांना घरातल्या गोष्टी मागे पडतील याची भीती असते आणि ती खोटी नाही. आपल्याकडे काय कमी आहे? देवळाच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख आहे, ते दगडात कोरलेलं उग्र तोंड, तोरणावर मगरीसारखा मकर आहे, किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखा काल्पनिक शरभ आहे. पुढच्या वेळी देवळात जाल तेव्हा मुलाला उंबऱ्याशी बसवून ते वटारलेले डोळे दाखवा. माझ्याकडच्या मुलांनी तर राजापूरकडे बारसूच्या सड्यावरचं कातळशिल्प बघून, दोन बाजूंना दोन वाघांसारखी जनावरं आणि मधे माणूस आहे ना ते, तिथल्या तिथे ठरवलं की हा माणूस ड्रॅगन पाळायचा. मी दुरुस्त केलं नाही. घरी येताना एसटीत सांगितलं, की ते काय आहे यावर मोठी माणसंही अजून विचार करताहेत.

जाता जाता, ड्रॅगन एकाच जातीचा नसतो हेही मुलाला कळू दे. पश्चिमेकडचा पंखवाला, आग ओकणारा. चीनचा लांबलचक, बहुधा बिनपंखांचा, आणि तो आग नाही, पाऊस आणतो. नद्या, ढग, समुद्र यांच्यावर त्याची सत्ता. जूनमध्ये ढग खाली आलेले असताना हे सांगितलं की आपली मुलं लगेच विश्वास ठेवतात, पुरावाच कौलांवर वाजत असतो. आणि शेजारच्या भूतानच्या झेंड्यावर पांढरा ड्रॅगन आहे, नख्यांत रत्नं धरलेला. ते लोक आपल्या देशाला ड्रुक युल, गडगडाटी ड्रॅगनचा देश म्हणतात. शाळेच्या नकाशात झेंडा सापडतो. पाच वर्षांच्या मुलाला स्वतः शोधू दे.

‘खरा असतो का?’ हा प्रश्न आज ना उद्या येईल. खोटं बोलू नका. आग ओकणारा, पंखांचा ड्रॅगन कुठेच नसतो, तो माणसांनी गोष्टीत बनवला. पण इंडोनेशियातल्या काही बेटांवर कोमोडो ड्रॅगन नावाचा प्राणी आहे, जगातला सगळ्यात मोठा सरडा, जवळजवळ तीन मीटरपर्यंत वाढतो. त्याची भावकी तुमच्या परसात फिरते: घोरपड. दोघांचं शास्त्रीय आडनाव एकच, व्हॅरॅनस. दुभंगलेली जीभ लपलप करत घोरपड गडग्यावरून जाताना एकदा लांबून दाखवलीत की ड्रॅगनचं निम्मं काम झालं. (आणि तिला मारून रस्सा करणारे अजून आहेत म्हणून सांगते, १९७२च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे.) दक्षिणेकडे गोवा-कर्नाटकाच्या पोफळीच्या बागांत उडता सरडा असतो. फासळ्यांवरची कातडी छत्रीसारखी पसरून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. हातभरही नसतो, पण प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञानं १७५८ साली या सरड्यांना नाव दिलं द्राको, म्हणजे ड्रॅगनच. वीतभर ड्रॅगन ऐकला की मुलांना पहिला आनंद होतो तो ‘म्हणजे मी त्याच्यापेक्षा मोठा’ याचा.

आता तुमच्या मुलाच्या रात्रीबद्दल. तुम्ही लिहिलेल्यातली एक ओळ मी दोनदा वाचली. जून-जुलै मजेत गेले, ऑगस्टपासून उठतो. पुस्तक तेच, ड्रॅगन तोच. मग बदललं काय? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने बाबा घरी होते. बंदी उठली, ट्रॉलर बाहेर पडला आणि बाबा रात्रीचे दिसेनासे झाले, बाहेर वारा, समुद्राचा आवाज. मी पैजेवर सांगत नाही, पण किनाऱ्यावरच्या इतक्या मुलांत हे पाहिलंय की मी पहिला संशय ड्रॅगनवर घेणार नाही. बाबांची काळजी वाटते हे पाच वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. ‘ड्रॅगन इलो’ हे सांगता येतं. पुस्तक काढून घेतलंत तर सांगायला त्याच्याकडे तेवढंही उरणार नाही.

म्हणून आजपासून एवढं करा. ड्रॅगनची गोष्ट दिवसा, दुपारी जेवणं झाल्यावर किंवा दिवेलागणीच्या आधी. रात्री झोपताना वेगळं पुस्तक, किंवा ड्रॅगनचंच हवं असं अडून बसला तर त्याला तोंडपाठ असलेलं, शेवटी सगळे झोपतात असलं. रात्री उठला तर ‘काही नसतं, झोप’ म्हणू नका आणि काठी घेऊन खाटेखाली शोधायलाही लागू नका. शोधलंत म्हणजे तिथे असू शकतो हे तुम्हीच कबूल केलंत. दिवा लावा, पाठीवर हात ठेवा, पाणी द्या. ‘उद्या उजेडात आपण त्याला बघू’ एवढंच. आणि उद्या खरंच बघा, पान त्याच्या हातात देऊन. तीन ते सहा या वयात न दिसणाऱ्या गोष्टींची भीती सगळ्यात जास्त असते, सात-आठनंतर ती आपोआप खऱ्या गोष्टींकडे वळते. पण महिनाभरात उतार पडला नाही, खाणं कमी झालं, दिवसाही चिकटून राहायला लागला, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. ते माझं काम नाही.

समुद्र जवळ आहे तर आणखी एक करता येईल. एका वर्षी असंच घाबरणारं एक पोर आमच्या गटात होतं. ओहोटीला अकरा मुलं घेऊन किनाऱ्यावर गेले. ओल्या वाळूत काठीनं ड्रॅगन काढला, माडाच्या दोन झाडांमधल्या अंतराएवढा लांब. खवल्यांना शिंपले, डोळ्यांना नारळाची सोडणं, जिभेला कुणाची तरी लाल रिबीन. घाबरणाऱ्या मुलानं काहीच काढलं नाही. तो शेपटीच्या टोकाशी उकिडवा बसून होता. भरती यायला लागली तसे आम्ही वर सरकलो. पाणी आधी पायांत शिरलं, मग पोटात. रिबीन तरंगली तेव्हा एक मुलगी धावत जाऊन घेऊन आली. शेवटी डोकं गेलं. तो उठला, चड्डीची वाळू झटकली आणि म्हणाला, ‘गेलो घराक.’ पुढे काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

तुमचे यजमान या खेपेला बंदरात आले की पहिल्याच दिवशी पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवा. इंग्रजी वाचायचं नाही, चित्र बघून जे वाटेल ते सांगायचं. समुद्रात काय काय दिसतं, जाळ्यात मुशी, म्हणजे छोटा शार्क, आली की काय होतं, रात्री दिवा कुठे असतो, जेवण कोण करतं, हे ड्रॅगनच्या निमित्तानं आपोआप निघेल. मुलाला तेच ऐकायचं असण्याची शक्यता जास्त. दादल्यांना गोष्ट सांगायला लाज वाटते हे मला माहीत आहे. तुम्ही तेवढ्या वेळापुरत्या चुलीकडे जा.

मुलीबद्दल तुम्ही फारसं विचारलं नाहीत. तीन वर्षांची आहे, ती ड्रॅगनपेक्षा भावाकडे बघत असेल. तो घाबरला तर घाबरेल, तो हसला तर हसेल. तिच्यासाठी वेगळं काही करू नका, फक्त जाड पुठ्ठ्याच्या पानांचं एखादं पुस्तक तिच्या वाट्याचं असू दे, म्हणजे ओढाताण टळेल. ती कोपरे चावेल, लाळ गाळेल. हरकत नाही, पण मामाच्या त्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांवर पाणी किंवा लाळ पडली तर तशीच मिटून ठेवू नका. पावसाळ्यात ती पानं एकमेकांना चिकटून वाळली की सोडवताना चित्राचा रंगच उपटून येतो. लगेच टिपून घ्या, मधे जुनं कोरडं कापड घालून उभी ठेवा, आणि सप्टेंबरात ऊन पडलं की सावलीत, वाऱ्याला, एकदा सगळी उघडून ठेवा. कपाटात वास आला तर बुरशी धरली समजा. टाचण्या लावू नका.